नावात तफावत

एमएमएसचं, म्हणजे मॅनेजमेंटच्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचं, दुसरं सेमिस्टर संपलं की उन्हाळ्यात दोन महिने इंटर्नशिप करावी लागते. मार्केटिंग आणि फायनान्सच्या मुलांना जागा लवकर मिळतात, एचआरवाल्यांना वाट बघावी लागते. २०२४ च्या मार्चमध्ये मला तीन ठिकाणांहून नकार आले आणि चौथ्या ठिकाणी, एका मोठ्या बँकेत, निवड झाली. मुलाखत जेमतेम दहा मिनिटांची. त्यातला एकच प्रश्न लक्षात राहिलाय : "ऑफर लेटर घेतलेला माणूस जॉइन होत नाही, असं का होतं?" मी पुस्तकातलं उत्तर दिलं नाही, माझ्या मावसभावाचं सांगितलं. त्याचा नोटीस पिरियड तीन महिन्यांचा होता. त्या तीन महिन्यांत त्याने हातातली ऑफर दाखवून आणखी दोन ऑफर मिळवल्या आणि पहिल्या कंपनीला शेवटच्या आठवड्यात नाही कळवलं. समोरच्या मॅडम म्हणाल्या, "मग हेच तुझं प्रोजेक्ट."

बँकेचं ऑफिस ऐरोलीला, स्टेशनजवळच्या आयटी पार्कमध्ये. मी कळव्याला राहते. कळव्याहून ठाण्याला यायचं, जिना चढून नऊ-दहा नंबरवर जायचं आणि वाशी किंवा पनवेल गाडी पकडायची. ऐरोली हे ठाण्यानंतरचं दुसरंच स्टेशन, त्यामुळे बसायला मिळालं काय, न मिळालं काय, फरक पडत नाही.

पहिला आठवडा माझेच कागद करण्यात गेला. गोपनीयतेचा करार, कॉलेजचं पत्र, पोलिस पडताळणीचा फॉर्म. पेन ड्राइव्ह चालत नाही, स्क्रीनचा फोटो काढायचा नाही. ईमेल आयडी दहाव्या दिवशी मिळाला. तोवर मॅडमनी मला जॉइनिंगच्या फायली वाचायला बसवलं. "प्रोजेक्ट नंतर कर. आधी एका माणसाची फाइल पहिल्या कागदापासून शेवटच्या कागदापर्यंत वाचता आली पाहिजे," असं त्यांचं म्हणणं. मी तीनशेच्या वर फायली वाचल्या. आज कोणी मला विचारलं की इंटर्नशिपमध्ये काय करू, तर मीही हेच सांगेन. आधी कागद वाचा, पीपीटी नंतर.

फाइलमध्ये काय काय असतं? दहावीचं मार्कशीट, पदवी, आधार, पॅन, आधीच्या ठिकाणचं रिलीव्हिंग लेटर, तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा, पीएफचा फॉर्म ११, पीएफ नॉमिनेशन, ग्रॅच्युइटीचा फॉर्म एफ. यातला फॉर्म ११ सगळे घाईत भरतात, आणि तोच नीट भरायला हवा. त्यावर विचारलेलं असतं, यापूर्वी तुम्ही पीएफचे किंवा पेन्शन योजनेचे सभासद होता का? १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदाच पीएफमध्ये येणाऱ्याचा बेसिक आणि महागाई भत्ता मिळून १५,००० रुपयांच्या वर असेल, तर तो पेन्शन योजनेत येत नाही. मालकाचे १२ टक्के सगळेच्या सगळे पीएफमध्ये जातात. आधीपासून पेन्शनमध्ये असलेल्याचं वेगळं. त्याच्यासाठी मालकाच्या वाट्यातले ८.३३ टक्के पेन्शनला जातात, तेही १५,००० च्या मर्यादेवर, म्हणजे महिन्याला १,२५० रुपये. एका टिकची चूक झाली की पैसे भलत्याच खात्यात जात राहतात, आणि निस्तरायला वर्षं जातात.

जॉइनिंगच्या दिवशी आमच्या टेबलाशी येणाऱ्या मुलांचा ठरलेला प्रश्न असे : "मॅडम, ऑफर लेटरवर एवढे लिहिलेत, मग हातात इतके कमी का?" मी बावीस वर्षांची, मला मॅडम म्हणणारे कधी माझ्याहून मोठे. त्यांच्यासमोर कागद ठेवून दाखवायचे, बघा, सीटीसीत, म्हणजे तुमच्यावर होणाऱ्या बँकेच्या एकूण खर्चात, बँकेने भरायचा पीएफही धरलाय, ग्रॅच्युइटीही धरलीये. ती ग्रॅच्युइटी सलग पाच वर्षं टिकलात तर मिळणार. चेहरे उतरायचे. मला वाटतं, ही आकडेमोड ऑफरच्या दिवशीच मराठीत, समोर बसून सांगितली तर निम्मे गैरसमज तिथेच मिटतील. त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या रिझर्व्ह बँकेच्या अहवालात खासगी आणि स्मॉल फायनान्स बँकांतली गळती सरासरी २५ टक्क्यांच्या आसपास असल्याचं लिहिलं होतं. तो आकडा वाचला तेव्हा मला ते उतरलेले चेहरे आठवले.

एक प्रसंग सांगायलाच हवा. बॅक ऑफिसमधले पन्नाशीचे एक काका सकाळी एचआरला आले, आवाज चढलेला. आदल्या संध्याकाळी त्यांना कळवलं होतं की उद्यापासून दोन आठवडे रजा, सिस्टीम बंद. "पंचवीस वर्षांत माझ्यावर एक शेरा नाही. माझं काय चुकलं?" मॅडमनी त्यांना पाणी दिलं आणि २०२१ चं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रकच काढून दाखवलं. संवेदनशील जागेवर असलेल्या प्रत्येकाला वर्षातून एकदा सलग किमान १० कामाचे दिवस, आगाऊ न कळवता, रजेवर पाठवायचं. माणूस जागेवर नसताना त्याचं काम दुसऱ्याने केलं की काही लपवलेलं असेल तर वर येतं. नियम चांगलाच आहे. पण काकांना तो आधी कोणी समजावलाच नव्हता. जाताना त्यांनी विचारलं, "घरी काय सांगू?" मॅडम त्यांच्याबरोबर लिफ्टपर्यंत गेल्या.

आता माझ्या चुकीबद्दल.

नव्या लोकांच्या बॅचेस महिन्यातून दोनदा. जूनची पहिली ३ तारखेला, सोमवारी. त्याआधीच्या शुक्रवारी, ३१ मेला, ठाणे स्टेशनच्या पाच-सहा नंबरचा प्लॅटफॉर्म रुंद करायला ६३ तासांचा मेगाब्लॉक सुरू होता. निम्मं ऑफिस घरून काम करत होतं. मी विटाव्यावरून शेअर रिक्षाने ऐरोली गाठली. टेबलावर मी एकटी, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या फायलींचा ट्रॅकर भरून द्यायचा होता. हिरवा म्हणजे सगळं ठीक. पिवळा म्हणजे हमीपत्र घेऊन जॉइन करून घ्या, कागद महिन्याभरात. लाल म्हणजे थांबवा.

एका ताईंची फाइल समोर आली. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग त्यांचं नाव, मग वडिलांचं, माहेरचं. पॅनवर वडिलांचं नाव गाळलेलं. आधारवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. शिवाय त्यांच्या नावातली 'ई' एका ठिकाणी 'आय' घालून, दुसरीकडे 'डबल ई' घालून. पीएफच्या यूएएनवर, म्हणजे सभासदाच्या कायमच्या पीएफ नंबरवर, चौथंच काहीतरी. मी लाल केलं आणि शेऱ्यात लिहिलं, 'नावात तफावत'. पुढे गेले. खाली त्याच फाइलमध्ये विवाह नोंदणीचा दाखला होता, तो मी उलटलाच नाही. तो पाहिला असता तर पिवळा झाला असता.

शनिवारी सिस्टीममधून त्यांना आपोआप पत्र गेलं. सोमवारी सकाळी त्यांचा फोन मीच घेतला. आधीची नोकरी सोडली होती, मुलीसाठी १ जूनपासून पाळणाघराचे पैसे भरले होते. फोन ठेवून मी थेट मॅडमकडे गेले आणि चूक माझी आहे, हे सांगितलं. त्या वरपर्यंत बोलल्या, पण बॅच बंद झाली होती. पुढची बॅच १७ ची, तर १७ ला बकरी ईदची सुट्टी, म्हणजे १८ तारीख. त्या ताईंचा पंधरा दिवसांचा पगार माझ्या एका रंगामुळे गेला.

१८ ला मी हॉलमध्ये त्यांना शोधलं. त्यांच्या मांडीवर प्लॅस्टिकची फाइल होती आणि सगळ्यात वर तोच विवाहाचा दाखला, लॅमिनेट केलेला, कोपऱ्यातून थोडा उकललेला. मी सांगितलं, लाल मी केलं होतं, दाखला न बघता. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "सांगितलंत ते बरं केलंत. मला वाटत होतं, माझे कागदच खोटे ठरवले."

त्या दिवसानंतर माझं प्रोजेक्ट बदललं. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कुठलाही कायदा नाही, आणि बदललं तर दहावीचं मार्कशीट काही बदलत नाही. म्हणजे आपल्याकडच्या अर्ध्या बायकांच्या फायलीत तफावत असणारच, ती धरून चालायला हवं. शिवाय १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात आईचं नाव लावायचं राज्य सरकारने ठरवलंय, तेव्हा पुढे रकाने आणखी वाढणार. मी एक पानी पत्रक केलं, मराठीत आणि इंग्रजीत : ऑफरबरोबरच पाठवायचं, कोणत्या कागदावर नाव कसं आहे ते उमेदवाराने स्वतः लिहायचं, वेगळं असेल तर विवाह दाखला, राजपत्र किंवा प्रतिज्ञापत्र यातलं काय जोडायचं. यूएएनवरचं नाव संयुक्त घोषणापत्राने दुरुस्त करता येतं, हेही त्यात घातलं. आणि ट्रॅकरमध्ये 'पूर्वीचं नाव' हा एक रकाना वाढवला. शेवटच्या प्रेझेंटेशनला माझ्या वाट्याला बारा मिनिटं होती, त्यातली आठ मी या पत्रकावर घालवली. ऑगस्टमध्ये मॅडमचा मेसेज आला की पत्रक ऑफर लेटरबरोबर जायला लागलंय.

घरी आईला हे सगळं सांगत होते तेव्हा ती उठली आणि गोदरेजच्या कपाटातून एक पाकीट घेऊन आली. लग्नाआधी आणि नंतर काही वर्षं ती वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्यात पॅकिंगला होती. माझ्या जन्माच्या वेळी सुटली, पुढे कारखानाही बंद झाला. पाकिटात पीएफची पिवळी पडलेली स्लिप होती, माहेरच्या नावाची. "आता कोण देणार म्हणून ठेवून दिली," असं म्हणाली. आधारवर सासरचं नाव, आणि लग्नाची नोंदणी आई-बाबांनी कधी केलेलीच नाही.

पीएफ ऑफिस वागळे इस्टेटमध्येच आहे, पण आधी विवाह नोंदणी. त्यासाठी लग्नपत्रिका आणि तीन साक्षीदार लागतात. पत्रिका बाबांना माळ्यावर सापडली. साक्षीला दोन्ही मामा आणि आत्या येणार आहेत. मंगळवारी सकाळी दहाला प्रभाग समितीच्या ऑफिसात भेटायचं ठरलंय.