‘ट्राउट मास्क रेप्लिका’ कुठून ऐकायला घ्यावा

अमेरिकन रॉक गायक कॅप्टन बीफहार्ट आणि त्याच्या बँडचा १९६९चा हा डबल अल्बम क्रमाने लावला, की बरेचजण पहिलं ‘फ्राउनलँड’ संपायच्या आतच बंद करतात. गाणं पावणेदोन मिनिटांचंही नाही, पण गिटार एकीकडे, ड्रम दुसरीकडे, आवाज तिसरीकडेच. जो तो मनाला येईल ते वाजवतोय असं वाटतं. खरं तर इथे जवळजवळ सगळं बसवलेलं आहे. बीफहार्ट पियानोवर तुकडे वाजवायचा, ड्रमर जॉन फ्रेंच ते लिहून घेऊन एकेका वादकाकडून घोटून घ्यायचा. लॉस एंजेलिसमधल्या एका घरात कित्येक महिने तालीम चालली, तीही अर्धपोटी. त्या पोरांच्या मेहनतीचं श्रेय अजूनही पुरेसं दिलं जात नाही.

सुरुवात ‘डालीज कार’ने करा. दीड मिनिटाच्या आत संपतं आणि त्यात फक्त दोन गिटार आहेत. हेडफोन हवाच. आधी एकाच गिटारचा माग धरा, मग दुसरीचा, मग दोन्ही एकत्र ऐका. छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर दोन्ही एकमेकींत मिसळतात आणि उरतो तो गोंगाट.

मग ‘हेअर पाय: बेक २’. स्टुडिओतलं स्वच्छ वादन, गायन नाही. ते ओळखीचं झालं की ‘बेक १’ लावा: तीच रचना, पण घरी ध्वनिमुद्रित केलेली, वरून फुंकवाद्यांचा कल्लोळ. खालची रचना आता सापडते.

तबल्याची सवय असलेला कान समेची वाट बघतो आणि इथेच फसतो. समजा, एकाचा तुकडा ५ मात्रांचा, दुसऱ्याचा ७चा. दोघं ३५ मात्रांनी भेटणार. हा बँड कधी तिथवर थांबतो, कधी आधीच सगळे मिळून पुढच्या तुकड्यावर जातात. ती वळणं पकडा.

गाणाऱ्याचा आवाज वादनाच्या मागेपुढे होतो त्याचं कारण साधं आहे. बीफहार्टने हेडफोन न लावता, स्टुडिओच्या काचेपलीकडून झिरपेल तेवढ्याच संगीतावर गायलं. म्हणून पहिल्या काही वेळा गायनाकडे दुर्लक्ष केलेलं बरं.

२८ गाणी एका बैठकीत ऐकू नका, कान थकतात. रेकॉर्डची एक बाजू पुरे. मध्ये विसावा हवा तर ‘मूनलाइट ऑन व्हर्माँट’ लावा. ते आधीच, १९६८ मध्ये ध्वनिमुद्रित झालेलं, ब्लूजच्या जवळचं. आणि ‘द ब्लिंप’मधला चिरका आवाज ऐकून हेडफोनची वायर तपासू नका. तो फोनवरूनच घेतलेला आहे.