बोंबलणाऱ्याची बिदागी

आमच्या घरात हेडफोनशिवाय मेटल, म्हणजे बोंबलून गायलेलं कर्णकर्कश रॉक, लावायला बंदी आहे. आई म्हणते, ‘त्या माणसाला आधी कोणीतरी पाणी द्या.’ पाण्याचं माहीत नाही, पण त्याला पैसे कोण देतं हा प्रश्न मला छळतो.

अंडरग्राउंड मेटल, म्हणजे फारशा कुणाला माहीत नसलेल्या बँडचं, नाशिकच्या दुकानात कधी मिळत नव्हतं. कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत रात्रभर डाउनलोड लावायचं, सीडीवर चढवायचं, मग ती सीडी सातपूर-सिडको फिरून ओरखडे घेऊन परत यायची. हे संगीत वाढलंच कॉप्यांवर. ऐंशीच्या दशकात पोरं एकमेकांना पोस्टाने कॅसेटी पाठवायची. मेटॅलिका या बँडचा 1982चा डेमो, म्हणजे अल्बमआधीचं कच्चं रेकॉर्डिंग, तसाच पसरला. त्याच मेटॅलिकाने 2000 साली गाण्यांची फुकट देवाणघेवाण करू देणाऱ्या नॅप्स्टरला कोर्टात खेचलं, याचं हसू येतं खरं. पण कॅसेटवाल्यांना कोरी कॅसेट घ्यावी लागे, तिकिटं चिकटवावी लागत आणि बदल्यात आपल्याजवळचं काहीतरी पाठवावं लागे. आम्ही नुसतं घेतलं.

भाचा मात्र निर्धास्त. ‘मामा, मी दर महिन्याला पैसे भरून ऐकतो.’ भरतो, कबूल. पण स्पॉटिफायवर 2024पासून वर्षभरात हजारदाही न वाजलेल्या गाण्याला रेकॉर्डिंगची रॉयल्टीच मिळत नाही. गायक काय गातोय हे ज्याच्या आईलाही कळत नाही, त्याने हजार कुठून गाठायचे? भाच्याचा हिशेब चोख आणि बँडचा खिसा माझ्या काळात होता तितकाच रिकामा.

‘त्यांची जाहिरात तर होते ना,’ हा त्याचा पुढचा मुद्दा. वरातीत नाशिक ढोलवाल्यांना हे सांगून बघ म्हटलं. सुपारी न देता, ‘लोक व्हिडिओ काढतील, नाव होईल’ म्हणून. टिपऱ्या कुठे पडतील ते मग कळेल.

पोट भरण्याइतके पैसे या लोकांना तसेही मिळत नाहीत. नॉर्वेच्या डार्कथ्रोन बँडचा फेनरिझ, ज्याचं नाव जगभरचे मेटलवाले कानाला हात लावून घेतात, तो टपालखात्यात नोकरी करत आलाय. पण पुढच्या रेकॉर्डिंगचं स्टुडिओभाडं, टीशर्टांची छपाई, हे कुठून तरी उभं राहावं लागतं. म्हणून मी बँडकॅम्पवर, म्हणजे बँड जिथे आपली गाणी थेट विकतात त्या साइटवर, विकत घेतो. डिजिटल विक्रीतले 15 टक्के ते घेतात, पेमेंट गेटवेचा खर्च वजा जाऊन उरलेले बँडला किंवा त्याच्या लेबलला, म्हणजे रेकॉर्ड कंपनीला. ‘बँडकॅम्प फ्रायडे’ म्हणून त्यांनी ठरवलेला शुक्रवार असला की ते 15सुद्धा सोडतात. माझी खरेदी त्याच शुक्रवारी. भाव बघून माल घ्यायची सवय अशी जात नाही.

फुटलेल्या बँडच्या जुन्या डेमोचं मात्र वेगळं. मूळ कॅसेट कुणा संग्राहकाकडून अवाच्या सवा किमतीला घेतली, तरी वाजवणाऱ्याला त्यातला रुपया जात नाही. ते मी सरळ डाउनलोड करतो. कायदा हे मानत नाही; आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरचा हक्क 60 वर्षं चालतो.

‘म्हणजे बँड फुटला की तू चोर नाहीस?’ भाच्याने विचारलं.

बँड फुटला तरी त्यातली माणसं बहुतेक वेळा जिवंत असतात, त्यांना मेल करून विचारता येतं, हे त्याला सुचलं नाही. मीही सुचवलं नाही.