साडेसदतीस इंचांचा हिशेब

सातारा शहरात मी बरीच वर्षे स्त्रियांचे कपडे शिवते आणि दुपारच्या वेळी शिवणवर्गही घेते. लग्नसराईत एका संध्याकाळी मायलेकी दुकानात आल्या. मुलगी भालाफेकीची खेळाडू, कॉलेजात शिकणारी. मैदानावरून थेट ट्रॅकसूटमध्येच आलेली. थोरल्या बहिणीच्या लग्नात तिला पैठणी नेसायची होती आणि त्या पैठणीतलाच काठाचा ब्लाउजपीस त्यांनी सोबत आणला होता. आईने पिशवीतून आणखी एक ब्लाउज काढून माझ्यासमोर ठेवले. ते दुसरीकडे शिवून घेतलेले होते आणि एकदाच घातलेले होते. उजव्या मुंढ्याच्या, म्हणजे बाही जोडतात त्या गोलाईच्या, मागच्या अंगाला शिलाई उसवली होती आणि शिलाईलगतचे रेशीमही विरले होते. पुढच्या बाजूला मात्र टक्सच्या, म्हणजे छातीला आकार देणाऱ्या शिवलेल्या चिमट्यांच्या, टोकांशी कापड पोकळ राहिल्याच्या चुण्या स्पष्ट दिसत होत्या. मागे ताण आणि पुढे पोकळी असे दोन्ही एकाच ब्लाउजात असेल, तर तो अंगाला सैल झाला की घट्ट, या प्रश्नाला काही अर्थ उरत नाही.

मुलीने मोबाइल पुढे केला. घरी तिने स्वतःच मापे घेऊन एका ॲपमध्ये भरली होती: छाती ३९.५ इंच, कंबर ३२.५, नितंब ३५.५. त्यावरून तिचा बांधा उलट्या त्रिकोणाचा ठरला होता आणि अशा बांध्याच्या स्त्रीने खांद्यांकडे व दंडांकडे नजर जाईल असे काहीही घालू नये, असा सल्ला मिळाला होता. त्यामुळे बाहीला पैठणीचा काठ लावायचा नाही, असे तिने ठरवून टाकले होते. आईचे डोळे भरून यायचेच बाकी होते. "ताई, काठच नाही लावायचा तर पैठणीचं ब्लाउज कशाला म्हणायचं?" त्या मला म्हणाल्या. मुलगी काही बोलली नाही, पण ट्रॅकसूटच्या बाह्या तिने मनगटापर्यंत ओढून घेतल्या. एवढ्या कसदार अंगाची मुलगी, आणि मोबाइलवरच्या एका आकृतीमुळे दंड लपवू पाहत होती, याचे मला फार वाईट वाटले.

मी त्या संध्याकाळी माप घेतले नाही. तासन्‌तास सराव करून आलेल्या खेळाडूचे स्नायू फुगलेले असतात, दंडाचा घेर त्या वेळी नेहमीपेक्षा जास्त भरतो. दिवसभराच्या खाण्यापिण्याने संध्याकाळी कंबरही सकाळपेक्षा थोडी वाढलेली असते. शिवाय ब्लाउजच्या आत जे अंतर्वस्त्र घालायचे, तेच घालून माप दिले नाही तर छातीची उंची आणि घेर दोन्ही बदलतात. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी, सरावाच्या आधी, ते घालून यायला सांगितले आणि ब्लाउजपीस घरीच ठेवायला सांगितला. मापे पक्की होईपर्यंत त्याला खडूही लागू द्यायचा नाही, असे मी तेव्हाच मनाशी ठरवले होते.

सकाळी सर्वांत आधी टेप पोलादी पट्टीवर ठेवून तपासली. कापडी टेप वापरून वापरून ताणली जाते आणि मग प्रत्येक माप प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवते. वर्गातल्या मुलींना मी ही तपासणी पहिल्याच आठवड्यात शिकवते. मग मुलीला आरशासमोर उभे केले. पाय जुळवलेले, भार दोन्ही पायांवर, हात सैल, नजर समोर. तिला एका बाजूला कलायला सांगितले आणि कुशीत जिथे घडी पडली, तिथे नाडी बांधली. ती नाडी शेवटच्या मापापर्यंत जागची हलू दिली नाही, कारण वरची आणि खालची सगळी अंतरे तिच्यापासूनच मोजायची असतात.

घरी मोजताना काय झाले असेल, ते इथेच कळले. कंबर म्हणून तिने ट्रॅकपँटचे इलॅस्टिक जिथे बसते ती जागा मोजली होती. ती नाडीच्या तीन इंच खाली भरली. आईने मध्येच सांगितले की क्रीडा शिबिरातल्या वैद्यकीय तपासणीत कंबरेचा आणखी वेगळाच आकडा आला होता. तेही बरोबरच होते, कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीप्रमाणे डॉक्टर शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मधोमध टेप धरतात. ते माप प्रकृतीसाठी असते, शिवणाऱ्याला घडीची जागा हवी असते. नितंबांचे माप तिने कमरेच्या हाडाजवळ घेतले होते, तर बाजूने पाहिल्यावर सर्वांत भरलेली जागा नाडीपासून ८.५ इंच खाली होती. छाती मोजताना अंगात ढगळ टी-शर्ट, श्वास भरलेला आणि पाठीमागे टेप खाली घसरलेली. तिरकी टेप नेहमीच जास्त भरते आणि एकट्याने मोजताना पाठीकडे पाहता येत नाही, त्यामुळे ती सरळ आहे की नाही हे कळायला मार्गच नसतो.

मी मापे घेतली. टेप चहूबाजूंनी जमिनीला समांतर, त्वचेला टेकलेली पण रुतणार नाही इतकीच, श्वास सहज सोडून झाल्यावर. टेपखाली बोट घालायचे नाही. सैलपणा किती द्यायचा ते कागदावर ठरते, टेपवर नाही. प्रत्येक माप दोनदा घेतले आणि पाव इंचाचा फरक पडला तिथे तिसऱ्यांदा. छाती ३७.५, कंबर २८.५, नितंब ३८.५. काखेलगत, छातीच्या उभाराच्या वरून घेतलेला घेर ३६.५.

बांध्याच्या आकारांचे आकड्यांत बसवलेले जे वर्गीकरण शिवणकामाच्या अभ्यासात वापरले जाते, ते अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी २००४ मध्ये मांडले. त्यात नऊ आकार आहेत. छाती नितंबांपेक्षा ३.६ इंच किंवा अधिक मोठी आणि छाती-कंबरेतला फरक ९ इंचांहून कमी असेल तर उलटा त्रिकोण. छाती आणि नितंब जवळपास सारखे, आणि कंबर छातीपेक्षा ९ किंवा नितंबांपेक्षा १० इंच लहान असेल तर वाळूच्या घड्याळाचा बांधा. मी वहीत आकडेमोड करून मुलीला दाखवली. घरच्या मापांप्रमाणे ती उलटा त्रिकोण होती. माझ्या मापांप्रमाणे वाळूचे घड्याळ. आणि मी कंबरेला टेप फक्त अर्धा इंच सैल धरली असती, तर दोन्ही फरक मर्यादेच्या खाली जाऊन तिचा बांधा आयताकृती ठरला असता. अंग तेच, पण टेप धरणाऱ्याच्या हातावर तिन्ही नावे अवलंबून! ती वहीकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "मग खरं काय?"

खरे काय ते अजून मोजायचे होते. घेराचा आकडा अंगाभोवती फिरून येतो, पण त्यातला किती भाग पुढे आणि किती मागे, हे तो सांगत नाही. काखेच्या मध्यातून दोन्ही कुशींवर मी खडूने उभी रेघ मारली आणि ३७.५ इंचांची वाटणी केली. बहुतेक स्त्रियांमध्ये पुढचा भाग मागच्यापेक्षा इंच-दोन इंच जास्त भरतो. इथे पुढे १८.२५ आणि मागे १९.२५ भरले. तिची छाती मोठी नव्हती, पाठ रुंद होती. वरच्या घेरात आणि छातीच्या घेरात एकच इंचाचा फरक होता, हीच गोष्ट त्यानेही दुसऱ्या बाजूने सांगितली. छातीच्या घेरावरून नेहमीच्या प्रमाणात कापड कापले, तर पुढे नको तेवढे आणि मागे अपुरे पडणार, हे उघड होते. जुने ब्लाउज मी वहीच्या शेजारी उलटून ठेवले आणि प्रत्येक चुणीचे कारण त्या दोन आकड्यांत सापडले.

मग पाठीच्या कण्यावर बोट ठेवून दोन्ही बाजू वेगळ्या मोजल्या. कण्यापासून उजव्या कुशीपर्यंत १० इंच, डाव्या कुशीपर्यंत ९.२५. उजवा दंड १२.७५, डावा १२. खांद्याच्या टोकापासून कंबरेच्या नाडीपर्यंत पाठीवरून डावीकडे १५.५ आणि उजवीकडे १५. म्हणजे उजवा खांदा अर्धा इंच उतरलेला. लहानपणापासून एकाच हाताने भाला फेकणाऱ्या खेळाडूच्या अंगाची ही स्वाभाविक घडण आहे. फेकणाऱ्या हाताची पाठ आणि दंड भरतात आणि तो खांदा किंचित खाली बसतो. मी मुलीला आरशात उजव्या फऱ्याजवळचा, म्हणजे खांद्यामागच्या हाडाजवळचा, भराव दाखवला. "हा तुझ्या सरावाचा आहे, बाळा. तो कापडानं सामावून घ्यायचा असतो," असे मी तिला सांगितले, आणि ते मी मनापासून सांगितले.

आमच्या धंद्यात अजूनही कितीतरी ठिकाणी एकाच घेरावरून अख्खे ब्लाउज बेतले जाते. तयार कपड्यांच्या आकारांचे तर विचारूच नये. अमेरिकेत १९३९-४० मध्ये सुमारे १५,००० स्त्रियांच्या अंगावरची ५९ मापे सरकारी खर्चाने घेतली गेली, पण त्यातून गौरेतर स्त्रिया वगळल्या होत्या. आपल्याकडे राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने 'इंडियासाइझ' हे सर्वेक्षण हाती घेतले. मुंबई, दिल्ली, कोलकाता, बंगळुरू, हैदराबाद आणि शिलाँग या सहा शहरांत १५ ते ६५ वयाच्या २५,००० लोकांची मापे त्रिमितीय स्कॅनरने घेण्याची ती योजना. असे काम आधीच व्हायला हवे होते असे मला वाटते. तरीही सरासरीचे कोष्टक कितीही चांगले झाले, तरी एकाच बाजूची पाठ भरलेल्या मुलीचे ब्लाउज त्यातून बेतता येणार नाही. तिथे कुशीवर रेघ मारणारा माणूसच लागतो.

एरवी कापड दुमडून दोन्ही बाजू एकदम कापतात. या वेळी पाठीचे दोन्ही भाग कागदावर वेगवेगळे काढले आणि आधी मांजरपाटाचे कच्चे ब्लाउज टाचले. जुन्या ब्लाउजचा मुंढा खूप खोल कापलेला होता. हात मोकळा व्हावा म्हणून मुंढा खोल करण्याची सवय पुष्कळांना असते, पण परिणाम उलटा होतो: मुंढा जितका खाली, तितके हात वर करताना अख्खे ब्लाउज ओढले जाते. म्हणून मुंढा काखेजवळ वर ठेवला आणि लागणारी रुंदी उजव्या पाठीत दिली. मुंढ्याची मागची गोलाई कमी कोरली, उजव्या खांद्याचा उतार अर्ध्या इंचाने वाढवला, पुढचे टक्स उथळ केले आणि उजवी बाही डावीपेक्षा रुंद काढली. कच्चे ब्लाउज घालून मुलीला आधी हात जोडायला सांगितले, मग वाकून नमस्कार करायला, आणि शेवटी भाला फेकताना हात मागे नेतात तसा न्यायला. त्या शेवटच्या हालचालीत उजव्या फऱ्यावर एक आडवी चुणी आली. तिथे पाव इंच आणखी सोडल्यावर ती गेली.

बाहीच्या काठाचा निर्णय त्यानंतर फार वेळ चालला नाही. ब्लाउज कंबरेच्या वरच संपते, त्यामुळे नितंबांचे माप त्यात येतच नाही. मग छाती आणि नितंबांच्या तुलनेतून निघालेल्या नावाने बाहीचा काठ ठरवण्याला आधार काय, हे मी तिला विचारले. तिने स्वतःच ब्लाउजपीस उलगडून काठ दंडावर धरला आणि आईकडे वळून म्हणाली, "अख्खा लावू या, आई." दोन्ही बाह्यांवरचा काठ समोरून एकाच पातळीवर दिसावा, म्हणून उतरलेल्या खांद्याचा अर्धा इंच मी उजव्या बाहीच्या माथ्यावर भरून काढला, हे काम वेळखाऊ होते, पण पैठणीच्या काठाची रेघ वाकडी दिसली असती तर मला झोप लागली नसती. दोन्ही कुशींना इंचभर माया, म्हणजे शिलाईच्या आत जादा कापड, ठेवली, कारण स्पर्धांच्या हंगामात आणि विश्रांतीच्या महिन्यांत तिच्या पाठीचे माप बदलत राहणार आहे.

लग्नानंतर तिची आई ब्लाउज दाखवायला घेऊन आल्या. उजव्या मुंढ्याची शिलाई मी खिडकीपाशी उजेडात धरून पाहिली. एकही टाका ताणलेला नव्हता. त्या आठवड्यात शिवणवर्गाच्या मापवहीची छापील पाने संपत आली होती. नवी पाने छापून घेताना छाती, पाठ, दंड आणि खांदा यांच्यापुढे उजवे-डावे आणि पुढचे-मागचे असे रकाने पाडून घेतले, कंबरेपुढे नाडी कुठे बांधली ते लिहिण्याची जागा ठेवली आणि सर्वांत वर, तारखेच्या शेजारी, माप सकाळी घेतले की संध्याकाळी हेही नोंदवायला लावले.