कारखानाही राहिला, नदीची वाटही

कर्नाटकातल्या खानापुरात मलप्रभा नदीच्या काठावर आमचा कौलांचा कारखाना आहे. वडिलांनी चालवला, आता मी चालवतो. स्लॅबची घरं वाढली तशी कौलांची मागणी आटली. तरी विटा, फरशा, कुंड्या आणि जुन्या घरांच्या शाकारणीची कौलं यांवर पंधराएक घरांच्या चुली पेटतात.

2019 च्या ऑगस्टमध्ये नदी अंगणात आली. भाजलेल्या कौलाला पाणी काही करत नाही, पण कच्च्याला ओलही सोसत नाही. वाळत घातलेला सगळा माल दोन दिवसांत परत चिखल झाला. नदीकडची भिंतही आडवी झाली होती. पूर ओसरल्यावर बायका त्या पडक्या भिंतीवरून धुणं घेऊन नदीवर जायला लागल्या, तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतकी वर्षं आपण त्यांची वाट अडवून बसलो होतो.

भिंत परत बांधायची नाही, हे त्याच आठवड्यात ठरलं. पाण्यानं ज्याचं नुकसान होतं ते वर न्यायचं, एवढं एकच सूत्र धरलं. वाळवणीची शेड रस्त्याच्या अंगाला, मधे भट्टी आणि नदीलगतची पट्टी लोकांना. तिथं पायऱ्या, धुण्याचे दगड, करंजाची झाडं. पाणी चढलं तरी तिथलं काही वाहून जाणार नाही.

खरी दमछाक कागदांनी केली. उतारा, मोजणी, परवानगी, सगळे अर्ज कन्नडमधून. माझं कन्नड बोलण्यापुरतं, म्हणून अर्ज शेजारच्या मास्तरांनी लिहून दिले. एका कार्यालयातून फाइल तीनदा परत आली. जागा उद्योगाची दाखवा, नाहीतर सार्वजनिक दाखवा. दोन्हीसाठी रकाना नाही. कुणीतरी सुचवलंही, कारखाना बंद करून बाग करा, लगेच मंजूर होईल. मला फार लागलं ते. बाग झाली असती, पण माती मळणारे हात कुठं गेले असते?

माझा भाचा कॅनडात व्हँकुव्हरला असतो. त्यानं तिथल्या ग्रॅनव्हिल आयलंडबद्दल सांगितलं. पाण्याकाठी 1917 पासूनचा काँक्रीटचा कारखाना. 1979 मध्ये त्याच भागात मोठा बाजार सुरू झाला, पण कारखाना हलवला नाही. 2014 मध्ये ब्राझीलच्या दोन जुळ्या भावांनी त्याच्या सहा टाक्यांवर प्रचंड आकाराची माणसं रंगवली. तिथं माणसं आणि गाड्या एकाच रस्त्यानं सावकाश जातात म्हणे. ते मात्र मी घेतलं नाही. आमच्या अंगणात ट्रक मागं घेताना ड्रायव्हरला मागचं पोर दिसत नाही. ट्रकचं फाटक रस्त्याकडंच ठेवलं आणि वाट हद्दीच्या कडेनं न्यायची ठरवली.

गाठ सुटली ती मोजणीच्या दिवशी. मोजणीदारांनी जुना नकाशा कौलांच्या थप्पीवर पसरला आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर एकेक कौल ठेवलं. त्यात हद्दीच्या कडेनं दोन तुटक रेघा नदीपर्यंत गेल्या होत्या. गाडीवाट! आमच्या लाकडांच्या ढिगाखालून नेमकी. म्हणजे जागा उद्योगाचीच राहणार होती आणि त्यातली वाट नव्यानं मागायची नव्हती, मोकळी करायची होती. मी तसं लिहून दिलं, फाइल पुढं सरकली. लाकडं हलवायला चार दिवस लागले.

भट्टी नऊशे-हजार अंशांपर्यंत तापते, म्हणून तिच्यापासून वीस फूट सोडून आमच्याच विटांचा कमरेइतका कठडा बांधला. मुद्दाम कमी उंचीचा. शाळेची पोरं त्यावर कोपरं टेकून साच्यातून कौल सुटताना बघत राहतात.

पायऱ्या झाल्यावर पहिल्याच दिवशी एक म्हातारी मावशी मधेच थांबल्या. "उंच झाल्यात बघ बाळा. डोकीवर गाठोडं असलं की खालचं दिसतंय व्हय?" आम्ही नऊ इंचांच्या पायऱ्या घातल्या होत्या. वरच्या सात फोडून सहा इंचांच्या केल्या. खालच्या अजून पाण्यात आहेत. पाणी उतरलं की त्याही फोडायच्या आहेत.