आत्याचं घर, चुना आणि वलांड्या

मुंबईत हेरिटेज म्हटलं की लोकांना फोर्टातल्या बिल्डिंगी आठवतात, फार तर १८७५ चा ससून डॉक. कोळीवाड्यातलं कौलारू घर कुणी त्यात धरतच नाही. २०११ च्या सीआरझेड नियमांत (किनाऱ्यावरच्या बांधकामाचे सरकारी नियम) मुंबईच्या कोळीवाड्यांचा वेगळा उल्लेख होता, तरी कुणीही उठून झोपडपट्टी म्हणतं (त्याचा राग वेगळा, तो पुन्हा कधीतरी).

सध्या वर्सोव्याला आत्याच्या घराची दुरुस्ती चालू आहे. पहिला कॉन्ट्रॅक्टर आला तो म्हणाला पाडा, स्लॅब टाका, विषय संपला. अहो पण खाऱ्या हवेत सळया गंजतात, गंजल्या की फुगतात आणि काँक्रीट फोडून बाहेर येतात, समुद्राकडच्या कुठल्याही जुन्या बिल्डिंगच्या बाल्कनीखाली उभं राहून वर बघा. इथे सागाचे खांब अजून ठणठणीत आहेत. वाट लागलीय ती भिंतीची, मागे कधीतरी तिच्यावर सिमेंटचा गिलावा मारला होता ना, तिथे. मिस्त्रीने छिन्नी लावली तर अख्खा पोपडा सुटून हातात आला, आणि मागची वीट नखाने खरवडली तरी भुगा पडत होता. चुन्याचा गिलावा आतली ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती कोंडून ठेवतं, मग मीठ आतल्या आत वीट खातं. आता परत चुनाच, पण चुन्याचं काम येणारा मिस्त्री शोधण्यातच जीव गेला.

टायमिंगची वेगळीच गंमत. मासेमारी बंद १ जून ते ३१ जुलै, म्हणजे घरातली माणसं मोकळी होतात तेव्हाच पाऊस. म्हणून कौलं मे महिन्यातच उतरवली, धुतली, फुटकी बाजूला काढली, कुजलेल्या रिपा बदलल्या आणि आतलं काम बंदीसाठी ठेवलं.

दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरने जाळी ठेवायचा माळा काढून फॉल्स सीलिंग सुचवलं. आत्या म्हणाली, "मंग जाली काय तुज्या डोक्यावर ठेवू?"

माझं म्हणणं तेच आहे. नुसतं घर नटवून उपयोग नाही. माळ्यावर जाळी नाही, समोर बोंबील सुकवायला बांबूच्या वलांड्या नाहीत, तिथे बाइक पार्क केल्यात, मग ते घर फोटो काढायला बरं, बाकी शून्य. वलांड्यांची जागा वाचवायला एकट्या आत्याचं घर पुरणार नाही, त्याला अख्खी गल्ली लागेल. पण घरापुढची ओटी तरी रुंदच ठेवतोय, एक खोली वाढवा म्हणून सगळे मागे लागलेत तरी, नाहीतर सीझनला जवळा निवडायला बायकांनी बसायचं कुठे?