चिनूच्या कानाचं दुखणं: 21 दिवसांत काय केलं आणि का

पावसाळ्यात आमची लॅब्राडोर चिनू सारखी डोकं झटकायला लागली. उजव्या कानाची पाळी उचलून पाहिलं तर आत लाली, तपकिरी मेणचट मळ आणि आंबलेल्या पिठासारखा वास. घरात मागच्या वेळची ड्रॉप्सची अर्धी बाटली होती, पण ती हातात घ्यायची नाही हे नक्की होतं. कानाचा पडदा फाटलेला असेल तर जेंटामायसिनसारखं औषध आतल्या कानापर्यंत पोचतं आणि ऐकू येणं कायमचं जाऊ शकतं, तोलही जातो. पडदा शाबूत आहे की नाही, हे बाहेरून कुणालाच कळत नाही.

कुत्र्याच्या कानाची नळी आधी सरळ खाली उतरते आणि मग काटकोनात वळून पडद्याकडे जाते. आपल्याला दिसतो तो फक्त वरचा तोंडाचा भाग. खरा मळ वळणाच्या पलीकडे साचतो, तिथे हवा लागत नाही आणि ओल राहते. इअरबडने साफ करायला गेलं की तोच मळ वळणात ठासला जातो.

दवाखान्यात डॉक्टरांनी ऑटोस्कोपने, म्हणजे कानात पाहायच्या दिव्याच्या उपकरणाने, पडदा पाहिला आणि दोन्ही कानांतला मळ वेगवेगळ्या काचपट्ट्यांवर घेऊन, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. काही मिनिटांचं काम, पण पुढचे सगळे उपचार त्यावर ठरतात. चिनूच्या स्लाइडवर भुईमुगाच्या शेंगेसारख्या आकाराच्या पेशी गर्दीने दिसल्या. ही मॅलॅसेझिया नावाची यीस्ट, म्हणजे बुरशी. गोल जिवाणू दिसले असते तर ड्रॉप्स वेगळे आले असते. दांड्यासारखे जिवाणू, हिरवट-पिवळा पू आणि हात लावू न देण्याइतकं दुखणं असेल, तर कल्चर करूनच, म्हणजे जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून तपासूनच, अँटिबायोटिक ठरवावं लागतं, कारण त्यातल्या स्यूडोमोनासवर बरीच औषधं चालत नाहीत. कॉफीच्या चोथ्यासारखा कोरडा काळा मळ असेल तर कानातल्या माइट्सचा, म्हणजे बारीक किड्यांचा, संशय घ्यायचा आणि घरातल्या मांजरासकट सगळ्यांवर उपचार करायचे. नुसता वास घेऊन ड्रॉप्स लिहून मिळाले, तर ‘स्लाइड करता का?’ असं नम्रपणे विचारावं. आपल्या जनावरासाठी तेवढं विचारायलाच हवं.

नळी सुजून बारीक झाली होती, म्हणून आधी काही दिवस पोटातून स्टेरॉइड दिलं. त्याने तहान आणि लघवी दोन्ही वाढतात. पाणी तोडायचं नाही, रात्री झोपण्याआधी एक फेरी जास्त मारायची.

खरी मेहनत कान धुण्यात आहे. डॉक्टरांनी दिलेलं इअर क्लीनर बाटली हातात धरून अंगाच्या तापमानाला आणायचं, थंड द्रव कानात गेला की कुत्रं बिथरतं आणि दुसऱ्या दिवशी बाटली पाहूनच पळतं. पाळी वर, किंचित मागे धरली की नळी सरळ होते. क्लीनर काठापर्यंत दिसेल इतकं ओतायचं. दोन-चार थेंबांनी वळणापर्यंत काहीच पोचत नाही. बाटलीचं टोक कानाला टेकवायचं नाही, टेकलंच तर पुसून घ्यायचं. मग कानाच्या बुडाशी, जबड्यामागे लागणारी कडक नळी अंगठा आणि बोटात धरून अर्धा मिनिट चोळायची. पचपच असा आवाज आला तरच द्रव आत फिरतोय. सोडलं की चिनू जोरात डोकं झटकते आणि खालचा मळ वर येतो. तो बोटाभोवती गुंडाळलेल्या कापसाने, बोट जाईल तेवढंच पुसायचं. हे बाथरूममध्येच करावं, भिंती रंगतात.

धुतल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबून ड्रॉप्स. ओल्या, भरलेल्या कानात औषध पातळ होतं. मळावर टाकलं तर कातडीला लागतच नाही. चिनूला दिवसातून दोनदा 6 थेंब सांगितले होते. एका मिलिलिटरचे ढोबळमानाने 20 थेंब धरले तर 21 दिवसांत एका कानाला साडेबारा मिलिलिटरच्या आसपास औषध लागतं. कोर्स संपताना 15 मिलिची बाटली अर्धी उरली, तर औषध कमी पडलंय. रोज धुवायचंही नाही. आम्हाला दोन दिवसांआड सांगितलं होतं, फार धुतलं की आतली कातडी भिजून सोलपटते.

आठव्या दिवशी वास गेला, खाजही थांबली. बहुतेक कान इथेच बिघडतात, कारण ड्रॉप्स थांबवले जातात आणि वळणात उरलेली यीस्ट पुन्हा वाढते. असं वारंवार झालं तर नळीची कातडी जाड होते, पुढे आत कॅल्शियम साठून ती कडक बनते आणि मग शस्त्रक्रियेशिवाय मार्ग राहत नाही. कान बरा झाला हे नाकाने नाही, दुसऱ्या स्लाइडने ठरवायचं. आमची ती 21व्या दिवशी स्वच्छ आली.

कोमट तेल, व्हिनेगर, हायड्रोजन पेरॉक्साइड यांतलं काहीही सोलवटलेल्या कानात घालू नये. तेल वळणात साचून राहतं, बाकीची दोन आग करतात.

काही खुणा दिसल्या तर वाट पाहायची नाही. मान एका बाजूला कलणं, डोळ्यांची बुबुळं थरथरणं, चालताना झोकांड्या म्हणजे दुखणं आतल्या कानात गेलंय. पाळी उशीसारखी फुगली तर झटकून-झटकून आत रक्त साचलंय. ते घरी सुईने काढू नये. आणि पावसाळा सरल्यावर, गवत वाळल्यावर, टेकडीवरून येताच एकाच कानाला अचानक वेड्यासारखं झटकणं सुरू झालं तर कुसळ आत गेलेलं असतं. ते आतच सरकत जातं, म्हणून त्याच दिवशी काढून घ्यावं.

ओल हे निमित्त. कानाचं दुखणं परत परत येत असेल तर मुळाशी बहुधा ॲलर्जी असते. चिनू पुढचे पंजे चाटते, काखेत लाली येते, म्हणून खाण्याची ॲलर्जी आहे का हे तपासायला आता डॉक्टरांनी 8 आठवडे एकाच ठरलेल्या आहारावर ठेवलंय. एक पोळीचा तुकडा, एक बिस्कीट, चिकनच्या चवीची एक जंतांची गोळी एवढ्यानेही चाचणी बाद होते. घरातल्या सगळ्यांना सांगितलंय, शेजारच्या आजींनाही. त्या रोज संध्याकाळी तिला टोस्ट द्यायच्या, आता आमच्याकडून तिच्याच खाण्याचे चार दाणे नेऊन देतात.