लाल टोपीची सिरिंज आणि ओरिजिनलची फाइल

जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झाला, इंटर्नशिप झाली, नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन यायला जो वेळ लागायचा तो लागला आणि ते हातात पडलं त्याच आठवड्यात पुण्यातल्या एका मोठ्या प्रायव्हेट हॉस्पिटलचा वॉक-इन इंटरव्ह्यू निघाला. आमच्या बॅचच्या ग्रुपवर मेसेज आला, स्टाफ नर्स, फ्रेशर चालतील, ओरिजिनल आणि झेरॉक्सचे दोन सेट घेऊन या. बीडहून रात्रीची एसटी धरली, पहाटे वाकडेवाडीला उतरले, तिथून मामेबहिणीच्या रूमवर जाऊन अंघोळ, चहा आणि थेट लाइनीत. लाइन म्हणजे काय सांगू, अर्धा मराठवाडा आणि उरलेला केरळ, सगळ्यांच्या हातात तीच प्लास्टिकची फाइल.

आधी लेखी होतं. ते सोपं गेलं, म्हणजे ज्यांनी वॉर्डात खरंच काम केलंय त्यांना सोपं. 500 एमएल सलाईन 8 तासांत द्यायचंय, सेट 20 ड्रॉपवाला आहे (20 थेंबांचा एक एमएल), मिनिटाला किती थेंब? 21 येतात. सुई कुठल्या डब्यात, वापरलेला आयव्ही सेट कुठल्या (सुई पांढऱ्यात, सेट लाल पिशवीत), पोटॅशियम क्लोराईड डायरेक्ट पुश करायचं का, असले प्रश्न. पोटॅशियमवाल्याला माझ्या शेजारच्या मुलीने "हो, स्लो" असं लिहिलेलं मला दिसलं आणि माझ्याच पोटात गोळा आला. ते स्लो नाही, फास्ट नाही, पुश करायचंच नाही, पातळ करून ड्रिपमधून द्यायचं, नाहीतर पेशंटचं हृदय तिथल्या तिथं थांबू शकतं.

मग तोंडी. तिघातिघांना आत घेत होते. आत मेट्रन मॅडम (सगळ्या नर्सेसच्या प्रमुख), एक भूलतज्ज्ञ डॉक्टर आणि एचआरचे सर. मॅडम मूळच्या केरळच्या पण मराठी माझ्याहून शुद्ध. मी इंग्लिशमध्ये सेल्फ इंट्रोडक्शन घोकून गेले होते, "माय फादर इज अ फार्मर" पर्यंत पोचले आणि मॅडमनी हातानेच थांबवलं. टेबलावर ट्रे होता. ट्रेमध्ये रेग्युलर इन्सुलिनची व्हायल आणि एक इन्सुलिन सिरिंज, टोपी केशरी.

"20 युनिट भरा."

पहिला ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स होता, वर्षभर कुठल्यातरी नर्सिंग होमला काम केलेला, हात एकदम साफ. रबर पुसलं, हवा भरली, व्हायल उलटी केली, बरोब्बर 20 च्या खुणेवर आणून थांबला, बुडबुडा पण काढला. मॅडमनी विचारलं किती भरलं, तो म्हणाला वीस. दुसऱ्या मुलीला विचारलं बरोबर आहे का, ती म्हणाली येस मॅम. मग माझ्याकडे बघितलं.

व्हायलवर 40 लिहिलेलं मला दिसत होतं. आपल्याकडे व्हायल बहुतेक 40 युनिट पर एमएलचीच येते, तिला लाल टोपीची सिरिंज लागते. केशरी टोपीची 100 युनिट पर एमएलवाल्या इन्सुलिनसाठी. म्हणजे केशरीवर 20 च्या खुणेपर्यंत भरलं की होतात 0.2 एमएल, आणि 40 च्या व्हायलमधले 0.2 एमएल म्हणजे फक्त 8 युनिट. उलटं झालं, 100 चं इन्सुलिन लाल सिरिंजने भरलं, तर 20 च्या जागी 50 जातात आणि पेशंट पहाटे घामाघूम होऊन बेशुद्ध. हे मला पुस्तकाने शिकवलेलं नाही, सिव्हिलच्या मेडिसिन वॉर्डातल्या इन्चार्ज सिस्टरनी शिकवलंय, त्या दोन टोप्या दोन वेगळ्या ड्रॉवरमध्ये ठेवायच्या आणि कोणी मिसळल्या की सगळ्या वॉर्डासमोर काढायच्या.

मी म्हटलं, "मॅडम, ह्या सिरिंजने नाही भरणार, लाल टोपीची द्या."

"लाल संपली आहे."

"शेजारच्या वॉर्डातून आणते."

"समजा रात्रीचे दोन वाजलेत, डॉक्टर ओरडतायत."

"तरी आणते. कुठेच नाही मिळाली तर अर्धा एमएल होतं, ह्याच्यावर 50 ची खूण, पण ते डॉक्टरांना सांगून आणि दुसऱ्या सिस्टरला दाखवूनच देईन, एकटीच्या हिशोबावर नाही."

भूलतज्ज्ञ हसले. मॅडम हसल्या नाहीत, त्या तिघांनाही म्हणाल्या, खात्री नसेल तर हात लावायचा नाही, समोर कोणीही असो.

दुपारी सिलेक्शन झालेल्यांची नावं वाचली. माझं होतं, ब्रदरचंही होतं (लेखीत त्याला चांगले मार्क असणार). एचआरच्या केबिनमध्ये गेलो. पगार हातात सतरा हजार. हॉस्पिटल 200 बेडच्या कितीतरी वरचं. सुप्रीम कोर्टाने सांगितल्यावर केंद्राने जी समिती नेमली होती तिने 2016 मध्ये म्हटलंय की 200 च्या वर बेड असतील तर नर्सला सरकारी नर्सइतका पगार द्यावा, आणि आपल्याकडे सरकारी स्टाफ नर्सचं नुसतं बेसिक 35,400 पासून सुरू होतं. मी हे बोलले. सर म्हणाले, ते शिफारस आहे मॅडम. खरंय, शिफारसच आहे, म्हणून तर कोणी देत नाही.

पगाराचं मी गिळलं असतं. पुढचा कागद वाचला तेव्हा थांबले. दोन वर्षांचा बॉण्ड, मधे सोडलं तर तीन महिन्यांचा पगार भरायचा, आणि तोपर्यंत दहावी, बारावी, जीएनएम आणि कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, सगळे ओरिजिनल हॉस्पिटलकडे. पावती मागितली तर म्हणे पावती वगैरे नसते, फाइलला सेफ राहतं, सगळेच देतात. आणि खरंच सगळे देत होते, टेबलावर फायलींचा ढीग होता.

बाहेर येऊन सीनियर ताईला फोन लावला, ती सरकारी नोकरीत आहे. ती एका वाक्यात म्हणाली, "अजिबात द्यायचं नाही, उद्या सरकारी भरती निघाली तर कागदांच्या व्हेरिफिकेशनला काय कपाळ दाखवशील का?" आत जाऊन सांगितलं, ओरिजिनल आत्ता इथे ताडून बघा, झेरॉक्सवर सही करून देते, जास्तीचं नाही. सर म्हणाले, मग जॉइनिंग होणार नाही. फाइल उचलली.

लिफ्टपाशी मेट्रन मॅडम भेटल्या, विचारलं जॉइनिंग झालं का. सांगितलं काय झालं ते. त्या म्हणाल्या, "ते माझ्या हातात नाही ग," आणि राऊंडला गेल्या. मला त्यांचा राग आला होता, अजूनही थोडा आहे. एवढ्या मोठ्या पदावरच्या बाईला सिरिंजची टोपी दिसते आणि खालच्या मजल्यावरचा तो ढीग दिसत नाही?

नंतर हडपसरकडे एका छोट्या हॉस्पिटलला लागले, पगार आणखी कमी, पण ओरिजिनल बघून त्याच बैठकीत परत दिले. तो ब्रदर परवा फोन करत होता, भरतीच्या लिस्टमध्ये नाव आलंय, कागद मागायला गेला तर आधी तीन महिन्यांचा पगार भर म्हणतायत. त्याला म्हटलं तोंडी मागू नकोस, तारीख टाकून अर्ज लिही, दोन प्रती काढ, एकीवर त्यांचा इनवर्डचा, म्हणजे अर्ज मिळाल्याचा शिक्का घे, आणि तो शिक्का मारायला नाही म्हणाले तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठव. व्हेरिफिकेशनला अजून आठवडा आहे म्हणाला.